उघाडीच्या दोन फळ्या

प्रिय प्रणाली,

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलायला गेले की रडूच येईल, म्हणून लिहिते आहे. तुझा मितेशदादा ट्रक घेऊन शहराकडे निघालाय, त्याच्या हाती देते. आत काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही.

बाबा बरे आहेत, पण घरात टिकत नाहीत. खाऱ्या पाण्याने भात करपला, तरी रोज बांधावर जाऊन उभे राहतात. शेजारच्या वेणूबाईंचं शेत तर पार गेलं. लोंब्या भरत आल्या होत्या गं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या, बांधातल्या उघाडीच्या फळ्या कुणी काढल्या, हाच गावात विषय. "शहरवाल्यांचंच काम," म्हणतात, आणि तुझं नाव घेतात. चौकशी होईपर्यंत महापालिकेने तुला कामावरून दूर ठेवलंय, हे मला मितेशकडून कळलं. तू सांगितलंही नाहीस.

गणपतीत आलीस तेव्हा महापालिकेतल्या तुझ्या कामाबद्दल किती हौसेने बोलत होतीस! शहरात विजेच्या बस आल्या, गच्च्यांवर सोलर बसलं, आणि आता हवेतला धूर शोषायला शहर इथे खाडीकाठी तिवरांचं रान वाढवणार. ज्यांची मर्जी असेल त्यांचीच शेतं भाड्याने घेऊन तिथे भरतीचं पाणी सोडणार. "आई, धूर शहरांनी केला, तर वाटही आधी शहरांनीच दाखवायला हवी," म्हणालीस. बाबा ताटावरून उठले. "माझ्या बापानं खाडी हटवून ही शेती केली. मी हाय तवर पाणी आत येनार न्हाय." वेणूबाईंनीही नकार दिला. तू कुणावर जबरदस्ती केली नाहीस, हे मी पाहिलंय.

पण त्याआधी आषाढात बांध फुटून खांड पडली तेव्हा तू इथे नव्हतीस. अडुसष्टाव्या वर्षी बाबा छातीभर पाण्यात चार तास चिखल लावत होते. चौघांनी उचलून घरी आणलं, तेव्हा ओठ निळे पडलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं घेऊन निघाले. तेव्हापासून भरती आली की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

उघाडी मी उघडली, प्रणाली. अमावस्येच्या उधाणाला, भर दुपारी, बाबा जेवून पडले होते तेव्हा. वाटलं, आपल्या तुकड्यात पाणी शिरलं की यांचा हट्ट सुटेल, तुझ्या कागदावर सही करतील, चिखलात उतरणं थांबेल. दोनच फळ्या काढल्या. पाण्याचा जोर असा, की परत बसेनात. वेणूबाईंच्या शेतात पाणी जाताना मी बघत राहिले, हाकसुद्धा मारली नाही. काल त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी पोरीला कळव. तिला उगाच बोल लागतोय." बाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे, तेच सगळ्यात जड आहे. उद्या दहाला ग्रामसभेत उभी राहीन. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव. मला वाचवायला जाऊ नकोस. खाली पूर्ण नाव लिहिलंय ते त्यासाठीच.

तुझीच आई,
कोकिळा मोरेश्वर घरत