सात नंबरच्या रस्त्यावरचा ससाणा

प्रिय पामर,

तुझं संत्र्याच्या झाडाचं कार्ड मिळालं. तिकडे ॲरिझोनात जानेवारीत माणसं अर्ध्या बाह्यांचे सदरे घालतात हे वाचून मला उगाच तुझीच काळजी वाटली. सवय नसलेल्या उन्हानंही माणूस आजारी पडतो. इकडे विस्कॉन्सिनात शून्याखाली बारा आहे, पंपाचं पाणी गोठेल म्हणून मी तीनदा उठून पाहिलं. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, पत्र लांबलं तर चुका होतात, पण या वेळी लांबणारच. आपला ससाणे मोजायचा सात नंबरचा रस्ता मोजणीच्या यादीतून जाणार होता, ते तुला सांगायचं आहे.

तू गेल्यावर मोजणीच्या ऑफिसातून चिठ्ठी आली. गाडीत दोन माणसं हवीत, एक चालवणारा, एक बघणारा. एकट्यानं केलेली मोजणी ते धरत नाहीत. जोडीदार नसेल तर रस्ता बंद, असं लिहिलं होतं. तेहतीस हिवाळे, पामर! एकही जानेवारी चुकली नाही, ज्या वर्षी तुझी बरगडी मोडली होती त्या वर्षीसुद्धा नाही. मी चर्चच्या तळघरात जेवणाच्या दिवशी सगळ्यांना विचारून पाहिलं. ओर्लिन म्हणाला, "चार तास गाडीत बसून कोंबडीचोर मोजायचे? माझ्या कोंबड्यांना विचार, फुकट मोजून देतील." सगळे हसले. मला हसू आलं नाही. बटाट्याचं भांडं विसळत उभी असलेली तुझी लेक डार्ला तेवढ्यात म्हणाली, "नॉर्व्हलकाका, मी चालवते."

तू आता भुवया चढवल्या असशील. तिनं गाई विकल्यापासून तू तिच्याशी नीट बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्यात मी पडत नाही. तुझं कंबरेचं हाड मोडल्यावर साठ गाईंचं दूध दोन वर्षं तिनं एकटीनं काढलं, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

शनिवारी सकाळी निघालो. थर्मास गळतोय की काय म्हणून मी दोनदा मागे वळलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, थर्मास पळून जाणार नाही. खांबांवर कोण बसलंय ते बघा." गाडी मात्र तिनं अशी चालवली की तुझी आठवण आली. ब्रेक न मारता हळूहळू थांबायचं, इंजिन बंद करायचं नाही, दार तर उघडायचंच नाही. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली की शेतात शेणखत टाकताना ट्रॅक्टरमागे ससाणे येतात, ट्रॅक्टरवरून सगळं कळतं. दर हिवाळ्यात ती गोठ्यातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं त्यांच्या खुणा करायची म्हणे. वीस वर्षं! तू आणि मी रोज त्या कॅलेंडरसमोर कॉफी प्यायलो आणि त्या खुणा गाभण गाईंच्या आहेत असं समजलो.

पहिल्या तासात नऊ लालशेपटे ससाणे झाले. दलदलीवर एक भोवत्या ससाणा गवतालगत तरंगत गेला, कमरेवरचा पांढरा पट्टा अगदी स्वच्छ. मग आपण हॅल्व्हरसनच्या कोपऱ्यावर येतो ना, तिथे वठलेल्या एल्मच्या झाडावर एक पिसं फुगवून बसला होता. पोटावर काळपट पट्टा. मी म्हणालो, "लोकरपाया. लिही." तिनं पेन्सिल उचललीच नाही. म्हणाली, "काका, पायांवरची पिसं दिसली का?" मी म्हणालो, एवढ्या थंडीत कुठल्या पक्ष्याचे पाय दिसतात? तशी म्हणते, "मग बसलाय कुठे ते बघा. जाड फांदीवर, बुंध्याला चिकटून. लोकरपाया असता तर शेंड्याच्या काडीवर झोके घेत बसला असता." मला राग आला. म्हणालो, "मुली, या झाडावर लोकरपाया बसतो हे मी तू दूध पीत होतीस तेव्हापासून लिहितोय." ती म्हणाली, "झाड तेच आहे काका. पक्षी कोण आहे ते बघू या." आणि तिनं थर्मास उघडला.

चाळीस मिनिटं बसलो, पामर. माझ्या पायांची बोटं बधिर झाली, पेट्रोल संपेल म्हणून मी काट्याकडे बघत होतो. मग तो एकदम बर्फावर झेपावला, उंदीर उचलला आणि आमच्या डोक्यावरून गेला. पाय उघडे, पिवळेधमक. पंखाच्या पुढच्या काठाला खांद्यापासून काळी पट्टी. पहिल्याच हिवाळ्यातला लालशेपट्या, शेपटीला अजून लाली न चढलेला. नवशिके ज्याला फसतात तोच. ती "बघा" म्हणाली नाही की हसली नाही. कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि मला लिहू दिलं.

मी पक्षी पाहिला नव्हता, जागा पाहिली होती. तुझ्यापासून काय लपवू, तो काळपट पट्टासुद्धा मला धूसरच दिसला होता. गेल्या हिवाळ्यातही त्या झाडावर नुसतं एक गाठोडं दिसलं होतं. तू विचारलंस, "कोण आहे रे?" आणि मी ठामपणे लोकरपाया सांगितला. डॉक्टर म्हणतो, दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध काहीतरी झिजत चाललंय, चष्म्यानं ते सुधारणार नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी घराकडे वळवली असतीस. सोमवारी ऑफिसला लिहून गेल्या वर्षीचा तो एक पक्षी खोडायला सांगितला. आपली वही खरी राहिली पाहिजे.

पण वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही. परत येताना माझी छाती फुगली होती, जणू ती माझीच पोरगी. एकूण तेवीस, त्यातले दोन खरे लोकरपाये, दोन्ही तिनं अर्ध्या मैलावरून ओळखले, आणि मग जवळ जाऊन पायांची पिसं मला दुर्बिणीतून दाखवली. असा डोळा मी या तालुक्यात कोणाचा पाहिला नाही. तुझा नाही, माझा तर नाहीच.

तर पत्राचं कारण असं. सोबत एक फॉर्म आहे. सात नंबरचा रस्ता अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि दोघांनी सही केल्याशिवाय तो दुसऱ्याला जात नाही. माझी सही झाली आहे, वेडीवाकडी आहे पण माझीच आहे. बघणाऱ्याच्या जागी मी डार्लाचं नाव लिहिलं आहे. चालवायला कोणीतरी मिळेल; ओर्लिनसुद्धा कुरकुर करत येईल. पंधरा फेब्रुवारीच्या आत फॉर्म पोचला नाही तर रस्ता गेला. परतीच्या पाकिटावर तिकीट मी लावून ठेवलं आहे. आणि सही केल्यावर मागच्या कोऱ्या बाजूला तिच्यासाठी दोन ओळी लिही. फॉर्म आधी तिच्याच हातात पडेल असा पत्ता घातला आहे. ती मागणार नाही, तुझ्यावरच गेली आहे. काय लिहावं सुचलं नाही, तर "बरोबर ओळखलंस" एवढंच लिही.

तेहतीस हिवाळे तुझ्या उजव्या हाताला बसलेला,
तुझाच
नॉर्व्हल