फक्त डावं चाक

३ फेब्रुवारी, सोमवार

ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. पारोळ्याच्या अलीकडे ट्रकच्या मागे जोरात दाबावा लागला, तर पायाखाली पेडलसुद्धा धडधडायला लागलं. गाडी डावीकडे ओढ घेते. जळगावहून धुळ्याला माझ्या क्लिनिकसमोर उतरले तर पुढच्या डाव्या चाकातून करपल्याचा वास. हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. उजवं चाक नुसतं कोमट.

घरी सांगायला नको होतं. सांगितलं.

४ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता रावेरहून फोन. भिकनभाऊ — माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, केळीच्या पॅकिंग शेडचे मालक, आणि जगातल्या समस्त गाड्यांचे डॉक्टर. गाडी न बघताच निदान! "ती ब्रेकवर पाय ठेवूनच चालवू राह्यली. बाईमाणसाचं असंच ऱ्हाते." फोन स्पीकरवर. सासूबाई मान डोलावतायत. माझा नवरा कुंदन कपात चहा ओततोय आणि म्हणतोय, "जाऊ दे ना नूतन, तो बोलतोच तसा."

मला बोललं की सगळ्यांचं जाऊ दे. मी बोलले की माझी जीभ लांब.

५ फेब्रुवारी

बसले नाही आज कोणाशी बोलत.

६ फेब्रुवारी

रविवारी रावेरला जेवायला बोलावलंय, म्हणजे पंचायत बसणार. जेठांचं आधीच ठरलंय — गाडी शेडवर राहू द्यायची, मजुरांना आणायला-सोडायला होईल. आणि मी? "एस्टी आहे ना."

एस्टीने जाऊ! शेक द्यायचं मशीन मांडीवर घेऊन, संध्याकाळचे सगळे पेशंट सोडून. पेशंट येतात तेच कामावरून सुटल्यावर. गाडी गेली की धुळ्याचं क्लिनिक गेलं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. मग फिजिओथेरपी कोणाची करायची इथे? सासूबाईंच्या गुडघ्यांची. तेही रोज चोळून घेऊन वर म्हणणार, "तुह्या हाताले गुण नाही."

असला राग आलाय की पोळ्या जाड लाटल्या गेल्या. खा म्हणावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लिनिकच्या मागच्या गल्लीत गॅरेज आहे, तिथे चाक खोलून घेतलं. मी शेजारीच उभी राहिले, हलले नाही. मेकॅनिक हितेंद्र, तोंडात गुटखा, बोलणं कुजकट. डावं चाक निघालं आणि मीच हबकले. ब्रेकची डिस्क बाहेरून ठीक, पण आतल्या बाजूने खोल खरवडलेली, काठ नखाला लागत होता. आतला पॅड संपून नुसता पत्रा उरलेला. बाहेरचा जवळजवळ नवा! मग उजवं चाक खोलायला लावलं. तिकडे दोन्ही पॅड सारखे, डिस्क सपाट.

"मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवत असाल."

हा पण! माझं डोकंच सटकलं. म्हटलं, पेडल एक, माझा पाय एक. पाय ठेवत असते तर दोन्ही चाकं झिजली असती. माझ्या पायाला काय फक्त डावं चाक ओळखू येतं? एका बाजूने झिजलेली चप्पल घालून पेशंट आला तर मी चपलेला शिव्या देत नाही, घोटा कुठे अडकलाय ते बघते. तुम्हीही बघा काय अडकलंय ते.

गुटखा थुंकून आला. डिस्कला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर त्याने हलवून बघितला. हलेना. ज्या पिनांवर तो सरकायचा त्या गंजून जाम झालेल्या. म्हणजे चिमटा एकाच बाजूने दाबतोय, आणि पाय काढला तरी सुटत नाही. पिनांवरचे रबर कुजलेले.

"गाडी पाण्यात उभी असते का?"

नसते. दारात पत्र्याखाली कोरडी असते. आणि असती तरी एकाच चाकाला एवढा गंज? तात्पुरतं पिना साफ करून, पॅड घालून दिले. डिस्कचा जोड बुधवारी येणार, तोवर हळू चालवा म्हणाला. आनंदच आहे.

८ फेब्रुवारी

डावंच का? रात्रभर तेच.

९ फेब्रुवारी, रविवार

रावेर. सापडलं!

आम्ही रावेरला गेलो की भिकनभाऊ गाडी स्वतः धुतात. मोठेपणा. "तुम्हा जळगाववाल्यांले गाडी ठेवता येत नाही." आत्तापर्यंत मी तेव्हा स्वयंपाकघरात भरताची वांगी सोलत असायची. आज जावेच्या हातात वांगी दिली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

गाडी लावतात शेडमधल्या हौदाला खेटून. दर वेळी डावी बाजू हौदाकडे, कारण पलीकडे क्रेट रचलेले असतात. त्या हौदात केळीच्या फण्या बुडवतात, चीक निघावा म्हणून तुरटीच्या पाण्यात. त्याच हौदात पंप टाकून, पाइप थेट डाव्या चाकात घुसवून भाऊ जोरात फवारा मारतात. उजवीकडे पाइप पोचत नाही, म्हणून तिकडे बोअरचं पाणी, बादलीने.

मी हौदाशेजारच्या लोखंडी स्टँडकडे बोट दाखवलं. त्याचे पाय पापुद्रे सुटून अर्धे झालेले.

"भाऊ, ह्या स्टँडचे पाय कशाने खाल्ले?"

"तुरटीच्या पाण्यानं. दर दोन वर्षाले बदलतो मी," असं म्हणाले आणि हातातल्या पाइपाकडे बघून थांबले.

मी पिशवीतून डाव्या चाकाचे दोन्ही जुने पॅड काढून त्यांच्या हातात दिले, काय झालं ते सांगितलं. सगळ्यांसमोर, मजुरांसमोरसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "तुरटीनं तं पाणी साफ व्हते, लोखंड कसं खाईन?" भिकनभाऊंनी पंप बंद केला. "मले काय माहीत व्हतं," एवढंच. माफी नाहीच. पण जेवताना गाडी शेडवर ठेवायचं कोणी काढलं नाही, आणि मी भरीत दोनदा वाढून घेतलं. मला फार म्हणजे फार बरं वाटलं.

येताना भुसावळच्या पुढे कुंदन म्हणाला, "दादाला चारचौघांत असं करायला नको होतं." मला ब्रेकवरून चारचौघांत बोलले तेव्हा हे सुचलं नव्हतं त्याला.

१२ फेब्रुवारी

दोन्हीकडे नव्या डिस्क, नव्या पिना. पारोळ्याला मुद्दाम ब्रेक मारला. स्टिअरिंग गप्प!

१५ फेब्रुवारी, शनिवार

जळगावच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे, रुपचंदकडे, खास भांडायला गेले. दिवाळीत सर्व्हिसिंग केलंत तेव्हा डोळे कुठे होते, विचारलं. तोही चिडला. "मॅडम, माझ्यावर ओरडू नका. डाव्या चाकाच्या पिना जाम व्हायला लागल्यात, आत्ताच करून घ्या, असं साहेबांना तेव्हाच सांगितलं मी. साहेब म्हणाले, राहू दे. गाडी त्रास द्यायला लागली की नूतन आपणहून घरी बसेल."

साहेब म्हणजे कुंदन.

दिवाळीपासून मी त्या चाकावर हायवेला जातेय. आणि हा प्रत्येक वेळी फोन करायचा — पोचलीस का?

भिकनभाऊ निदान तोंडावर बोलतात.

क्लिनिकच्या घरमालकीणबाईंना विचारलं. वरची खोली रिकामी आहे. सोमवारी जाताना कपडे घेऊन जाते.