पोट गार आहे म्हणे

३ मार्च १९८६

पोट गार आहे म्हणे! माझ्या पोरीचं पोट गार, म्हणून गर्भ धरत नाही. चार वर्षं तेच ऐकतेय. आज तर विहीणबाई मासळीबाजारात माझ्या फळीसमोर उभ्या राहून गिऱ्हाइकांदेखत बोलल्या — "मिरानच्या आई, पोर लहान असताना चूल विझवून गार जमिनीवर निजवत होतात का हो तिला?" माझ्या एका हातात बांगडा, दुसऱ्या हातात सुरी. सुरी खाली ठेवली. म्हटलं, "बांगडा न्या विहीणबाई, ताजा आहे." दुसरं काय म्हणणार? पोर त्यांच्या घरात आहे.

शेजारी माकूळ विकते ती हादोंग गावची हादोंगवाली म्हणते, "तू गप्प बसलीस? ताप आलाय का तुला?"

तिच्यावर ओरडले. मग इथे लिहायला बसले. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

९ मार्च

चांगवोनला, मिरानच्या सासरी, जाऊन आले. मिरानच्या स्वयंपाकघरात मडक्यात काढा रटरटत होता. वास असा की भिंतीचा रंग उतरावा. फडक्यातून पिळायचा, कढत प्यायचा, आणि विहीणबाई समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत बघणार. पोरीची जीभ काळी पडलीय. बायकांच्या डॉक्टरने सांगितलं, हिच्यात दोष नाही. दोष नाही तर औषध कसलं?

मी विचारलं, "आणि त्याला तपासलंय का कुणी?"

मिरानने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, हळू. सासूबाई ऐकतील."

तिच्या हातालाही काढ्याचा वास.

१६ मार्च

मिरान आणि जावई आले. जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा, असं म्हणतात आमच्याकडे. अंडी देणारी कोंबडी त्याच्यासाठी कापायची, त्याच्याशी गोड बोलायचं, तो जाईल तेव्हा वेशीपर्यंत पोचवायचं. कापली कोंबडी. गीतेक माणूस वाईट नाही. कारखान्यात लेथ चालवतो, दारू बेताची, मिरानवर कधी आवाज चढवत नाही. तंगडी त्याच्या वाडग्यात घातली आणि विचारून टाकलं —

"जावईबापू, तुमची तपासणी कधी?"

जेवायच्या काड्या हातातून पडल्या त्याच्या. कान लाल. मिरान माझ्याकडे बघेना. कोंबडी तशीच राहिली.

हादोंगवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "जावयाला असलं कुणी विचारतं? त्यापेक्षा त्याच्या डोक्यावर कढई मारायची." 

मला नाही येत फिरवून बोलता.

३० मार्च

विहीणबाईंचा निरोप आला. या वर्षात काही झालं नाही तर पोरीला घेऊन जा.

दिवसभर मासे कापले. एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलले नाही.

त्यांचंही कळतं मला. नवरा लढाईत गेला. एक मुलगा, तो पाठीला बांधून रस्त्यावर भाकऱ्या विकल्या. गीतेकच्या मागे कुणी नसेल तर पूर्वजांपुढे पान कोण मांडणार? कळतं. पण माझी पोर काय करेल? लग्न होऊन गेलेली मुलगी त्या घरचीच. मेली तरी तिचं भूत त्याच घरात फिरायचं, असं माझी आजी सांगायची. परत आलेल्या मुलीला बाजार काय म्हणतो ते मी रोज ऐकते.

५ एप्रिल

आज गीतेक एकटाच फळीपाशी आला. गिऱ्हाइकं जाईपर्यंत कडेला उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "आई, बुसानला डॉक्टर आहे म्हणतात. तुम्ही याल बरोबर?"

"आणि मिरान?"

"तिला नको. तुम्हीच चला."

बायको सोडून सासूला नेतोय. कारण विचारलं नाही. म्हटलं, येते.

११ एप्रिल

दमलेय, तरी लिहिते.

बुसानचा दवाखाना. बाकावर सगळे पुरुष, सगळे वर्तमानपत्रामागे लपलेले. नर्सने गीतेकच्या हातात डबी दिली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "डावीकडची खोली, निवांत बसा." बिचारा भिंत धरून गेला. मी बाकीच्यांना म्हटलं, "काय बघताय? तुम्हीही त्याच रांगेत आहात." एक म्हातारा हसला.

मग डॉक्टरने आत घेतलं. मीही शिरले. नर्स म्हणते, "मावशी, तुम्ही कुठे?" म्हटलं, "मी सासू." पडद्याच्या अलीकडे उभी राहिले.

डॉक्टरने दोन बोटांनी चाचपलं असणार. मग त्याचा आवाज — "नसबंदी कधी केलीत?"

पडद्यामागे गीतेकच्या पट्ट्याचं बक्कल वाजलं.

"दोन्हीकडे गाठ लागतेय बोटाला. डबीतही एक बीज नाही. घरी माहीत आहे का?"

मी पडदा सारला.

बाहेर जिन्यावर त्याने सांगितलं. लष्करातून सुटल्यावर राखीव दलाची कवायत असते तिथे. लग्न व्हायचं होतं अजून. पाऊस, चिखल, सकाळपासून उभं केलेलं. कुटुंबनियोजनाची गाडी आली. गाडीतली बाई म्हणाली, दोन मुलं झालेले कोण? नसबंदी करून घेतील त्यांनी आत्ताच घरी जायचं, उरलेली कवायत माफ. मित्राने हात वर केला, याने केला. दोन मुलं आहेत म्हणाला. कुणी विचारलं नाही. "नळासारखं असतं, पुन्हा उघडता येतं, असं ऐकलं होतं," म्हणे.

"आणि एवढ्यासाठी?"

"घरी जायचं होतं आई. खूप थंडी होती."

मी हात उगारला होता. खरंच उगारला होता. चौतीस वर्षांचा बाप्या जिन्यात बसून नाक पुसत होता. हात तसाच खाली घेतला आणि त्याला रुमाल दिला. मासळीचा वास येत होता त्याला, तरी तोंड पुसलं त्याने.

मग समजलं मला का आणलं ते. तोंडाने सांगवेना, म्हणून डॉक्टरच्या बोटांकडून वदवलं.

१२ एप्रिल

काल डॉक्टर म्हणाला, कापलेली नळी जोडता येते. केसाहून बारीक दोऱ्याने, भिंगाखाली. पण जितकी वर्षं जास्त जातात तितकी आशा कमी. वचन देत नाही म्हणाला.

बसमध्ये मी गीतेकला एकच सांगितलं. आज झोपायच्या आत मिरानला सांगायचं. नाहीतर मी सांगेन, आणि माझी भाषा तुम्हाला माहीत आहे.

१५ एप्रिल

सांगितलं त्याने. मिरान रडली नाही, ओरडली नाही. सकाळी उठून काढ्याचं मडकं घासलं आणि उपडं घातलं. विहीणबाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" मिरान म्हणाली, "पोट भरलं."

एवढंच म्हणाली म्हणे. मला भीती वाटते ती गप्प असली की.

८ मे

ऑपरेशन झालं. विहीणबाईंना अंतर्गळ म्हणून सांगितलंय. त्या मुलाला शिंपल्यांची पेज भरवतायत आणि माझ्याकडे तक्रार करतायत की सून नवऱ्याजवळ बसत नाही. मी म्हटलं, तिची पाठ दुखत असेल.

खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. सवय नाही.

९ मे

गीतेकला भेटले. पांढराफटक पडलाय. हळूच म्हणतो, "आई, तुम्ही जोडे फेकून मारले असते तरी चाललं असतं." म्हटलं, जोडा एकच आहे माझ्याकडे. हसला आणि टाके दुखले. बरं झालं दुखले.

राग आहे अजून. पण टाके धरून बसलेल्या माणसावर किती राग धरणार?

२८ ऑगस्ट

बुसानला तपासणी. डॉक्टरने मला भिंगातून बघू दिलं. आधी काहीच दिसेना, मग दिसलं. थोडे आहेत. पण हलतायत! पहिल्या पावसानंतर डबक्यात किडे असतात तसे. गीतेकने बघितलं आणि भिंगावरून डोळाच काढेना. नर्सने खांद्याला धरून उठवला.

येताना मी ठरवलं. झालं ते झालं, असं म्हणायचं आणि पुढे जायचं. उद्या दिवस गेले तर विहीणबाई म्हणतील काढ्याने झालं. म्हणू देत. म्हाताऱ्या बाईला मुलाचं हे कशाला कळायला हवं? गीतेकलाही तेच हवंय. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तोंड बंद ठेव म्हणून सांगणार आहे. मिरानला.

३१ ऑगस्ट

सांगितलं. मिरानने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

७ सप्टेंबर

विहीणबाई आल्या. अठरा तारखेला चुसक, पूर्वजांच्या पूजेचा सण; त्याला मासे हवेत. भाव करता करता हादोंगवालीला सांगत होत्या, "सून औषध टाकून बसलीय. पोट गार आणि डोकं गरम." हादोंगवाली हसली. मी मासे बांधून दिले. गप्प बसले. गीतेक मागे पिशवी धरून उभा होता. तोही गप्प बसला.

मिरान त्याच्या शेजारी होती. तिने आधी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

१० सप्टेंबर

मिरान आली. एकटी. दिवसभर माझ्याबरोबर मासे कापले. बाजार उठल्यावर फळी धुताना म्हणाली — "आई, मला दिवस गेलेत की नाही ते मी सांगणार नाही. चुसकच्या आधी त्यांनी त्यांच्या आईला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगायचं. डॉक्टर नाही, तू नाही, त्यांनी. नाही सांगितलं तर मी तिथे राहणार नाही. त्यांना हे सांगून आलेय. आता तुला विचारते. मी परत आले तर मला घरात घेशील का? बाजार काय म्हणेल ते सांगू नकोस. घेशील की नाही, एवढंच. सतरा तारखेच्या आत सांग."