'लॉ'ची नोंद

२ जून
आजपासून रोजनिशी नियमित. कोशाच्या ऑफिसात संपादकबाईंनी मला 'लॉ' हा शब्द दिला. इंग्रजी-मराठी कोशातली नोंद. शब्द एवढासा. शुक्रवारपर्यंत हातावेगळा करतो म्हटलं. बाई म्हणाल्या, त्याचा गोतावळा मोठा आहे, सांभाळून. बाईंना माझा वेग माहीत नाही.
ही माहेरी गेली आहे, हवापालट म्हणून. एवढ्या बॅगा कशाला, ते विचारायचं राहिलं.

३ जून
लॉ म्हणजे कायदा. झालं. उरलेला दिवस टेबल आवरलं.

५ जून
नोंद परत आली. गुरुत्वाकर्षणाचा कायदा मोडला तर दंड किती, असं बाईंनी समासात विचारलंय. तिथे 'नियम' हवा म्हणे. शिवाय 'द लॉ' म्हणजे दारात आलेले पोलीसही. मला ठाऊक होतं, लिहिलं नव्हतं इतकंच.

६ जून
'ले डाउन द लॉ' : आपलंच चालवणे, फर्मान सोडणे. उदाहरणाचं वाक्य सुचेना म्हणून हिला फोन केला. गेल्या वर्षी हिने संध्याकाळच्या कॉलेजात लॉ पूर्ण केलं. मी त्याला हौस म्हणायचो. हिने क्षणात वाक्य दिलं. 'जेवताना नवरा फर्मान सोडायचा आणि ती खाली मान घालून जेवायची.' चांगलं आहे. तसंच घातलं. भूतकाळ कशाला, ते कळलं नाही.

११ जून
नोटीस आली. परस्परसंमतीने घटस्फोट. मसुदा हिचाच, स्वल्पविराम जागच्या जागी. नव्या वकिलांना सरावाला कुणीतरी लागतंच. वाचून विशेष काही वाटलं नाही. संध्याकाळी नळाचा वॉशर बदलला.

१४ जून
मेहुणा टेम्पो घेऊन आला. हिचं कपाट न्यायला. जिन्यात मी खालून धरलं, त्याने वरून. वळणावर अडकलं तेव्हा त्याला समजावलं की इंग्रजीत मेहुणा, दीर, साडू सगळे एकाच मापाचे, ब्रदर-इन-लॉ. कायद्याने भाऊ. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द, वेगळा मान. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, सही कधी देताय?"
म्हटलं, नोंद होऊ दे पुरी. कपाट गेल्यावर भिंतीचा मूळ रंग दिसला. बरा होता.

२५ जून
'लॉ' माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलाला दिला. मला पुढचा शब्द मिळाला, 'लॉन'. हिरवळ. एका शब्दात काम तमाम. ही एक प्रकारे बढतीच.
सही करून टाकली. पेन हातात होतंच. कोर्टाची तारीख पडेपर्यंत हिचा राग जाईल.

८ जानेवारी
मध्ये रोजनिशीत खंड पडला. लिहिण्यासारखं काही घडलं नाही. उद्या कोर्ट. मी ठरवलंय, आत जाण्याआधी हिला सांगायचं, चल घरी. वाक्य अगदी साधं ठेवलंय. आरशासमोर म्हणून पाहिलं, छान जमलं. शर्टाला इस्त्री केली.

९ जानेवारी
कोर्टाबाहेरच्या बाकावर ही शेजारी येऊन बसली. काळा कोट अंगाला बरोबर बसला होता. मग म्हणाली, "तुम्हाला काही बोलायचंय का? अजून वेळ आहे."
मी म्हणालो, गर्दी बरीच आहे आज.
हिने मान डोलावली. पुकारा झाला.
न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीने? मी हो म्हणालो. हीसुद्धा हो म्हणाली, पण हिला आधी पाणी प्यावं लागलं.
बाहेर पायऱ्यांवर सासरे भेटले. जावईबापू, असं म्हणून थांबले. दुसरं काही जुळतंय का ते बहुधा शोधत होते. शेवटी माझा दंड धरून नुसतेच उभे राहिले. मग मुलीच्या मागे गेले.
घरी येऊन खिचडी टाकली. जेवलो. मीठ घातलंच नव्हतं, हे ताट घासताना लक्षात आलं.