मेन स्विच तूच बंद कर

प्रिय दीपेश,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी भांडून घेते. फोनवर भांडायला गेले की तू मीटिंगमध्ये असतोस, नाहीतर मधेच इंग्रजीत शिरतोस, आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. कागद काही मला मधे तोडत नाही. इथल्या वळ गावच्या शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर आहे, लागेल तुला, चष्मा लावून वाच. परवा तू निकाल सांगून मोकळा झालास, की रविवारी ॲम्ब्युलन्स घेऊन येतो, बाबांना ठाण्याला नेतो, आता ह्यावर चर्चा नको. चर्चा नको काय? घर कोणाचं, नवरा कोणाचा, आणि हुकूम कोणाचा! हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन करू नकोस.

तुझ्या बाबांचं सगळं आयुष्य लूमच्या शेडमध्ये गेलं, ते तुला मी सांगायला नको. तोच कापसाचा कीस आता छातीत बसलाय. दिवसरात्र नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. स्वतःच हसतात, म्हणतात, छाती पिंजली तर एका लुगड्याचं सूत निघंल. मशीन घरी आलं तेव्हा तू अट घातली होतीस, की लाईटीपायी हे एकदा जरी बंद पडलं तर बाबा माझ्याकडे येणार. मी हो म्हटलं होतं, नाही कुठे म्हणते? आणि भिवंडीची लाईट तुला माहीत आहे, तारेवर कावळा बसला तरी जाते. पण गेल्या दिवाळीत आम्ही तुझ्या बाविसाव्या मजल्यावर राहून आलो ना, तेव्हा मी बघितलंय. करिष्माने काही कमी केलं नाही, सुनेबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझे बाबा दिवसभर खिडकीशी बसून गाड्यांची छपरं बघायचे. इथे ओटीवर बसले की येणारा-जाणारा विचारतो, "काय केसरीशेठ, बरा हाय ना?" आणि त्याला उत्तर देण्याइतका श्वास त्यांना बरोबर मिळतो. हे कुठल्या डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मी खटपटीला लागले. जुना इन्व्हर्टर तासभर कसाबसा टिकायचा. जनरेटर आणावा तर त्याचा धूर पुन्हा बाबांच्याच छातीत जाणार. मग नेत्राने डोकं लावलं. हिरामण वायरमनची मुलगी, तीच, तुझ्या लग्नात फुलं वाटत होती. आता डिप्लोमा करून स्वतःची कामं घेते. इन्व्हर्टर बघायला आली आणि अंगणात आपली इलेक्ट्रिक गाडी बघून कपाळावर हात मारून म्हणाली, "काकी, एवढी मोठी बॅटरी दारात उभी हाय, आणि तुम्ही ह्या डबड्यात पाणी घालताय?" गोदामाला जागा दिल्यावर तूच हट्टाने बाबांच्या नावावर ती गाडी घ्यायला लावलीस, हे मी मान्य करते. गाडी बाहेर करंट देते, नुसता घेत नाही, हे मात्र तूही आम्हांला कधी सांगितलं नव्हतंस.

भावकीत सगळे हसले. तुझा काका म्हणाला, वहिनी, उद्या घराला चाकं लावाल. लावीन, म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातं? नेत्राने काम धरलं. सगळं घर गाडीवर घ्यायचं नाही असं तिने आधीच बजावलं. बाबांच्या मशीनचा बोर्ड, त्यांच्या खोलीतला पंखा, एक ट्यूब आणि फ्रीज, एवढ्याचीच वेगळी लाईन ओढली. ओटीच्या भिंतीला भोक पाडून जाड केबल अंगणात काढली, तिचं टोक गाडीच्या अडॅप्टरला लागतं. आत भिंतीवर हँडलची पेटी बसवली, तिला चेंजओव्हर म्हणतात. वर केलं की कंपनीची लाईट, खाली केलं की गाडीची. दोन्ही एकत्र कधीच नाही, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गाडीचा झटका बसायचा. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घातलं, तर शेजारीण कुंपणावरून विचारते, कसली शांत घातलीय? बाबा ओटीवर खुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडत होते, भोक तिरकं गेलंय, भोक तिरकं गेलंय! किती दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. पहिल्यांदा हँडल मीच खाली ओढलं. मशीन एकदा पीं करून थांबलं आणि लगेच पुन्हा घुमायला लागलं. बाबा म्हणाले, आजवर मी गाडीत बसत होतो, आता गाडी माझ्यात बसली.

श्रावणात आपल्या वाडीची डीपी जळाली तेव्हा दोन दिवस अंधार होता. आपलं मशीन एकदाही थांबलं नाही. अर्ध्या वाडीचे मोबाइल आपल्या ओटीवर चार्ज झाले, शेजारच्या आक्काची इन्सुलिनची बाटली आपल्या फ्रीजमध्ये राहिली, आणि हसणारा तुझा काका टॉर्च चार्ज करायला आला तेव्हा मी त्याला चहासुद्धा पाजला. हे तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलंच नाही. चांगलं चाललं की बातमी होत नाही, तेवढं हळदीचं मात्र तुला त्याच दिवशी कळलं.

आता हळदीचं ऐक. तुळशीचं लग्न झालं आणि तुझ्या चुलतभावाची, भाविकची हळद निघाली. धवले गायला मीच लागते, माझ्याशिवाय ह्या वाडीत नवऱ्याला हळद लागत नाही हे तुला माहीत आहे. आक्काला बाबांजवळ बसवलं, गाडी पूर्ण चार्ज होऊन अंगणात उभी आहे हे डोळ्यांनी बघितलं, मगच सकाळी मांडवात गेले. दिवेलागणीला माझा धवला चालू असताना लाईट गेली. सगळी वाडी काळोखात, आणि लगोलग मांडव मात्र झगमगला. डीजे असा सुरू झाला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मला वाटलं जनरेटर आणलाय, आणि घरी आपली गाडी आहेच. दोन तास झाले तरी लाईट येईना, तेव्हा विचारलं, तर कोणीतरी ऐटीत सांगितलं, "जनरेटर कशाला काकी, तुमचीच गारी हाय ना!" मांडवामागे जाऊन बघते तर खरंच, आपली पांढरी गाडी, तिच्या अडॅप्टरला डीजेची वायर, आणि लायटिंगच्या माळा. आपल्यात हळदीला कोणी काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. टोप, खुर्च्या, गाड्या, माणसं, सगळं मांडवाचं होतं. गाडी म्हणजे आता बाबांचं मशीन आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानातच आलं नाही. अरे, तुझ्या बाबांचा श्वास डीजेला लावला होता, आणि त्याच्यावर सगळा गाव नाचत होता!

मी वायर उपटली. मांडव गपकन काळा झाला. बायका ओरडल्या, भाविकची आई माझ्या नावाने शंख करायला लागली. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि बाकीचे चालवण्याच्या अवस्थेत नव्हते. तेव्हा पाटावरून भाविक उठला. हळद लागलेल्या नवऱ्याने मांडव सोडायचा नसतो. तो तसाच पिवळाधमक, उघड्या अंगाने गाडीत बसला आणि मला घरी घेऊन आला. स्टिअरिंगवर त्याचे हळदीचे हात उमटलेत, ते मी पुसलेले नाहीत. घरात इन्व्हर्टर केव्हाच मेला होता, मशीन मुकं झालं होतं. मला फोन लावून थकलेली आक्का सुपाने वारा घालत रडत होती, आणि तुझे बाबा गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकले होते. ओठ निळे झाले होते, दीपेश. मी लपवत नाही. गाडी जोडून बघितली, तर पाहुण्यांच्या फेऱ्या आणि डीजे मिळून बॅटरी इतकी उतरलेली की ती बाहेर करंट देईना, चालण्यापुरता राखून ठेवते म्हणे. अडीअडचणीला कोपऱ्यात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मी उघडला, नळी जोडली, आणि त्यांची पाठ चोळत बसले. भाविक उंबऱ्यातून मोबाइलचा उजेड धरून उभा होता. हळूहळू ओठांना रंग आला, लाईटही आली. बाबांचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "गाडी मीच दिली, कमळ. चुकी माझी. पोराला बोलू नको."

सकाळी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, छाती होती तशीच आहे म्हणाले. आणि मी दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. इन्व्हर्टरला नवी मोठी बॅटरी आली. सिलिंडर कसा उघडायचा ते आक्काला इतकं घोटून घेतलं की ती झोपेतही उघडेल. गाडीची चावी खुंटीवर नसते, माझ्या कनवटीला असते. साखरपुड्याला गाडी मागायला आले, नाही म्हटलं. नवस फेडायला वज्रेश्वरीला न्यायची म्हणाले, एसटी आहे म्हटलं. भावकीने तोंडं फिरवली, फिरवू देत, चार लग्नांत धवल्याशिवाय हळद लागली की आपोआप सरळ होतील. आणि हे वाचून तुझी करिष्मा हसेल, पण मी गाडी शिकतेय. गोदामाच्या आवारात सुट्टीला ट्रक नसतात, तिथे नेत्रा मला शिकवते. क्लच नाही, गिअर नाही, नुसतं पायाने दाबायचं, शिवणयंत्रासारखं. पहिल्या दिवशी गोणींच्या थप्पीला ठोकली, पुढचा दिवा फुटलाय, तो तू बघशीलच. शिकण्याचं लायसन्स माझ्या फोटोसकट हातात आहे. डीपी कितीही दिवस जळालेली राहू दे, काल्हेरच्या चार्जिंग स्टेशनला जाऊन गाडी भरून आणायची ताकद आता ह्या घरात आहे. तुझ्या आईच्या पायात आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. लग्नानंतर भाविक नव्या नवरीला घेऊन पाया पडायला आला आणि माझ्या पायाशीच बसून रडला. बाबा आत झोपले होते. त्याने सगळं सांगितलं. गाडीवर डीजे वाजवायची कल्पना तुझी. अडॅप्टर डिकीत आहे हे सांगितलंस तू. "काकीला विचारू नको, बाबांना माझं नाव सांग, देतील," हेही तूच. तुझं नाव ऐकून बाबांनी चावी काढून दिली, आणि निळ्या ओठांनी तुझं नाव गिळून टाकलं. ज्या माणसाला दोन शब्द बोलायला श्वास पुरत नाही, त्याने पुरला तेवढा तुझ्यावर पांघरूण घालण्यात घालवला. मला हे कळलंय असं त्यांना कळू द्यायचं नाही, एवढं तू माझं ऐक. मला राग आला, आला म्हणजे किती आला! पण हेही कळतं, की परवा फोनवर ओरडत होतास तो घाबरून ओरडत होतास. भिवंडी वाईट, लाईट वाईट, गाव वाईट, असं म्हटलं की स्वतःकडे बघावं लागत नाही. तर रविवारी ये. ॲम्ब्युलन्स नको, करिष्माला घेऊन ये. बाबांच्या खाटेजवळ बस, आणि मग उठून दाराजवळचा मेन स्विच तूच बंद कर, स्वतःच्या हाताने. मी गाडी जोडून हँडलपाशी उभी असेन, नेत्राला बोलावणार नाही. त्यांचं मशीन थांबलं, तर मी स्वतः त्यांचं सामान बांधून देईन. घुमत राहिलं, तर पुन्हा न्यायचं नाव काढायचं नाही. तुझ्या फ्लॅटची चावी ह्या पाकिटात घातलीय, भाविक आणून देईल, त्याच्याशी नीट बोल. चावी रागाने परत करत नाही रे, मला आता तिची गरज नाही म्हणून करतेय. खूप आयुष्य लाभो तुला, सुखी राहा. चिंबोऱ्या सांगून ठेवल्यात, जेवायच्या वेळेआधी पोहोच.

तुझीच, आणि अजून वळचीच,
आई