शेवटची दहा मिनिटं

१९ जानेवारी, रविवार

जिंकलो! एक-शून्य! म्हणजे मी बघितलं नाही, ऐकलं. शेवटची दहा मिनिटं नेहमीसारखी मैदानाच्या गेटबाहेर, रसवंतीपाशी. हातात उसाच्या रसाचा ग्लास, डोळे मिटलेले. रसवाला आता काही विचारत नाही. आधी त्याला वाटायचं मला चक्कर येते, स्टूल द्यायचा.

आमच्या जागृती क्लबची रीत आहे. मॅच संपली की गाणं होतंच, निकाल काही का असेना. जिंकलो तर आमोदच्या हलगीवर, हरलो तर नुसत्या टाळ्यांवर. बरोबरी झाली तर हलगी वाजवायची की नाही यावर आधी भांडण, मग हलगी. त्यामुळे मला बाहेर कुणाला काही विचारावं लागत नाही. शिट्टी वाजते, मग क्षणभर काहीच नाही. तो क्षण फार वाईट. आणि मग कळतं.

आज हलगी! ‘बोपोडीची पोरं आली, गेट उघडा रे!’ मी रस्त्यातच टाळ्या पिटल्या. एक रिक्षावाला थांबला. त्याला वाटलं त्यालाच बोलावलं.

२० जानेवारी

लिहूनच ठेवते, बोलायची सोय नाही. माझा पायगुण वाईट आहे.

प्रज्ञेश, माझा धाकटा भाऊ, जागृतीचा गोलकीपर. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या मॅचेस शेवटपर्यंत बघायचे आणि आम्ही ओळीने हरत होतो. एकदा आईचा फोन आला, सिलेंडरवाला दारात उभा आहे, लवकर ये. मी उठले. घरी पोचते तो मेसेज — शेवटच्या क्षणी प्रज्ञेशने गोल वाचवला, जिंकलो! पुढच्या रविवारी बसून राहिले. हरलो. त्याच्या पुढच्या रविवारी मुद्दाम उठून गेले. जिंकलो.

तेव्हापासून दुसरा हाफ सुरू झाला की मोबाईलवर अलार्म लावते. आवाज बंद, नुसता थरथरणारा. दहा मिनिटं राहिली की तो थरथरतो आणि मी उठते. तरी कधी कधी हरतो, पण शेवटच्या क्षणी नाही. पप्पांना सांगितलंय, पार्किंगमधून गाडी आधी काढून ठेवते, नाहीतर अडकतो. पुण्यात या कारणावर कुणी शंका घेत नाही!

पप्पांना खरं कळलं तर? कचरू सरांची मुलगी! फॅक्टरीतली नोकरी संपली तरी दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच्यामागून चार पावलं चालतात.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रज्ञेशने माझ्या खोलीत डोकावून विचारलं, पिवळी ओढणी कुठंय? मी म्हटलं, धुवायला टाकलीय, निळी घेते, आपल्या क्लबचाच रंग. तर चेहरा पडला त्याचा. “नाही ताई, पिवळीच. आणि तिथंच बस, गेटच्या बाजूला, सगळ्यात वरच्या पायरीवर.” ओली ओढणी पंख्याखाली वाळवली. म्हणजे हाही माझ्यासारखाच निघाला! पप्पांच्या घरात दोन-दोन!

आमोदने हलगी तापवायला पप्पांचाच पेपर पेटवला. त्यांचा अग्रलेख वाचायचा राहिला होता. “गाणं तरी सुरात म्हणा मग,” म्हणाले.

समोरचे पाठीराखे आज भलतेच जोरात. प्रज्ञेशला ऐकू जाईल असं एक काका शांतपणे म्हणाले, “गोलकीपर आहे की सोसायटीचा वॉचमन? ओळखपत्र न बघता आत सोडतोय.” माझ्या शेजारी बसणारी पूर्वा तिथल्या तिथे, “काका, तुमच्या पोरांना आत सोडलं तरी ती चपला काढून कोपऱ्यात बसतात.” मला हसूही येईना. दोन-दोन. अलार्म थरथरला, उठले.

बाहेर आधी भांडण ऐकू आलं. मग हलगी. रस सांडला कुर्त्यावर.

३ फेब्रुवारी

पूर्वाचा दुपारी फोन. सहज म्हणाली, “तू गेलीस की तुझ्या भावाची नाटकं सुरू होतात बघ! बूट काय बांधतो, ग्लोव्ह काय काढतो, रेफरीकडे पाणी काय मागतो. एरवी विजेसारखा असतो.”

मला तर माहीतच नाही, मी शेवटची दहा मिनिटं कधी बघितलीयत! लगेच डोक्यात — गुडघा. दिवसभर पार्सलं पोचवत स्कूटरवर फिरतो, जिने चढतो-उतरतो. शेवटी शेवटी दुखत असणार. लपवतोय.

रात्री जेवताना विचारलं. हसला. “गुडघा ठणठणीत आहे.” मग बूट कशाला बांधत बसतोस शेवटी? “अगं, तुला माहितीये की!” आणि डोळा मारला. मला काय माहितीये? काही नाही. गुडघाच असणार. तेल आणून ठेवलंय.

६ फेब्रुवारी

बातमी चांगली आहे म्हणूनच झोप उडाली. एका सरकारी खात्याच्या टीमला गोलकीपर हवाय. नोकरी कायमची. प्रज्ञेशला त्यांनी बघितलंय, आवडलाय. अट एकच, खेळाडूचा क्लब पहिल्या डिव्हिजनमधला हवा. आणि वयाच्या अटीत तो यंदाच बसतो. पुढच्या वर्षी नाही.

आणि जागृती त्याच डिव्हिजनच्या तळाला! दोनच मॅचेस उरल्यात. खाली घसरलो की त्याचा अर्जही घसरला. आई म्हणाली, “होईल गं सगळं.” पण तीन पोळ्या करपवल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो, पण सगळं उघडं पडलं.

पप्पा मी पायरीवर विसरलेली गाडीची किल्ली द्यायला पार्किंगमध्ये आले. मी तिथे नाही. शोधत गेटबाहेर. मी रसवंतीपाशी, डोळे मिटून, ग्लास छातीशी धरलेला.

“दीक्षा, हे काय?”

“रस.”

“डोळे मिटून?”

तेवढ्यात आत शिट्टी वाजली आणि माझ्या तोंडून गेलं — थांबा पप्पा, बोलू नका! झालं. हलगी वाजेपर्यंत ते माझ्याकडे नुसते बघत होते.

घरी आल्यावर सगळं कबूल केलं. अलार्मसुद्धा. प्रज्ञेश मित्रांबरोबर होता, बरं झालं. पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, “तुझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरहून येऊन देव्हारा रिकामा केला. तो काय नातीनं रसवंतीचं देऊळ करावं म्हणून?”

आई भांडी घासता घासता, “काय बिघडलं? पोरगी रसच पितीय ना!”

“चंपा, तू मध्ये बोलू नको.”

“मध्ये कुठं, मी मोरीत आहे.”

पप्पांना हसू आलं, पण मला नाही. खूप लाज वाटली. एवढी शिकलेली, ऑफिसात लोक मला विचारून कामं करतात, आणि मनात हे!

११ फेब्रुवारी

रविवारी शेवटची मॅच. समोर कसब्याची टीम. बरोबरी झाली तरी टिकतो. बरोबरी पुरे.

पप्पा चहा घेताना म्हणाले, “या वेळी माझ्या शेजारी बस. शिट्टी वाजेपर्यंत. बघ, जग बुडतं का.”

हो म्हणाले. पण जग नाही बुडायचं हो पप्पा. प्रज्ञेश बुडेल.

१३ फेब्रुवारी

पूर्वालाही सांगून टाकलं. हसेल वाटलं होतं, हसली नाही. म्हणाली, “भावाची एवढी मोठी मॅच आणि तू बाहेर उभी राहणार? गाड्या काढायला लोक आधीच उठतात ते ठीक आहे, त्यांना कशाचंच काही नसतं. तू नको उठू.”

खरंय. तो आत एकटा उभा असतो आणि मी पळते. पायगुण वगैरे काही नाही, मी भित्री आहे. बास. ठरलं. थांबणार.

१५ फेब्रुवारी

पुन्हा ठरत नाहीये. वही काढली आणि हारजीत मांडत बसले. मध्येच स्वतःचीच किळस आली, पान फाडलं.

थांबणार. थांबणारच.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण झोप येत नाही.

निघताना प्रज्ञेश बूट पिशवीत भरत होता. म्हणाला, “ताई, नेहमीसारखं हं.” मी पिवळी ओढणी दाखवली. म्हटलं, हो रे, वरच्या पायरीवरच. तो निर्धास्त झाला. तेवढ्यासाठी पप्पांनाही चढायला लावलं वरपर्यंत, गुडघे धरत आले बिचारे.

मैदान भरलं होतं. पॅव्हेलियनवरचं घड्याळ नेहमीसारखं सव्वाचारला बंद. साईनाथ सर, आमचे कोच, नेहमीसारखे पहिल्या पाच मिनिटांपासून ओरडत होते, “वेळ संपत आली रे, वेळ संपत आली!” कसब्याचे लोक म्हणाले, “सर, आत्ताच तर आलोय, बसू तरी द्या.” आमोदच्या हलगीने सगळ्यांना गप्प केलं. पहिल्या हाफला एक गोल त्यांचा. दुसऱ्या हाफला लगेच आमचा! एक-एक! पप्पांनी मला मिठीच मारली. एवढे मोठ्याने ओरडलेले मी त्यांना विहारातसुद्धा ऐकलं नाही.

मग अलार्म थरथरला.

मोबाईल मुठीत आवळला आणि बसून राहिले. पाय आपोआप उठायला बघत होते. पप्पांनी हातावर हात ठेवला. खालच्या पायरीवरचे दोन-तीन जण गाडी काढायला उठले, त्यांचा हेवा वाटला.

प्रज्ञेशने वर बघितलं. बॉल लांब होता तेव्हा परत बघितलं. माझ्याकडेच. पूर्वा म्हणत होती ती नाटकं काही दिसली नाहीत — बूट नाही, पाणी नाही. मला भरून आलं. वाटलं, मी आहे हे बघून त्याला धीर येतोय. मी उभी न राहता हात वर करून हलवला. आहे मी, इथंच आहे! त्याने मान हलवली. हसलासुद्धा असेल.

मग त्याच्याकडे बॉल आला. लोक ओरडत होते, मार, लांब मार! सरही ओरडत होते, पण ते तर सुरुवातीपासून ओरडतच होते. त्याने बॉल खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं, अख्खी दुपार शिल्लक असल्यासारखा, आणि जवळच्या पोराला हळूच सरकवला. कसब्याचा एक जण कुठून आला कळलंच नाही. त्याने तो मधल्यामध्ये उचलला आणि गोल.

सेंटरला बॉल ठेवला आणि शिट्टी वाजली. तेवढीच वेळ उरली होती.

मला तो मधला क्षण बाहेरून माहीत होता. आतून कधीच बघितला नव्हता. आतून तो जास्त लांब असतो. मग टाळ्या. ‘बोपोडीची पोरं आली’ — आमोद रडत म्हणत होता. प्रज्ञेश गोलच्या खांबाला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

१७ फेब्रुवारी

तो कामावर गेला. डबा तसाच ओट्यावर राहिला.

मी थांबले म्हणून झालं. झालंच.

१८ फेब्रुवारी

पप्पा माझ्या दारात उभे राहिले. आत यायचं की नाही असे. म्हणाले, “मी तुला बसवलं. मनात येत असेल तर राग माझ्यावर काढ. पण ऐक, तू वर बसलीस म्हणून खाली बॉल चुकत नाही. पोराकडून चूक झाली. खेळात होते. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही.”

वाटलं, त्यांनाच हे कुणीतरी सांगायला हवंय. मी म्हटलं, खरंय पप्पा.

१९ फेब्रुवारी

आज शांतपणे विचार केला. पायरीवर बसलेली एक बाई आणि गोलसमोरचा बॉल, मध्ये अख्खं मैदान. काय नातं? काही नाही. पप्पा बरोबर आहेत. दोन वर्षं मी स्वतःला उगाच एवढी मोठी समजत होते!

रडले, पण हलकं वाटलं. अलार्म मोबाईलमधून काढून टाकला. प्रज्ञेशचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण माझ्यामुळे नाही. एवढं तरी सुटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रज्ञेश आज पहिल्यांदा पोटभर जेवला. मग ताटातून मान वर न करता, “ताई, रागावू नको. रविवारी तू उठली का नाहीस?”

म्हणजे?

“अगं, तू पिवळी ओढणी घेऊन उठतेस तेव्हाच तर कळतं दहा मिनिटं राहिली. मग मी टाइमपास सुरू करतो. सरांच्या ओरडण्यावर कोण भरवसा ठेवणार! या वेळी मी बघत होतो, बघत होतो. तू बसलेलीच. वर हात केलास — मला वाटलं, वेळ आहे, आरामात खेळ म्हणतेस.” मग जरा थांबून, “दोन वर्षं एकदाही चुकली नाहीस. माझ्यासाठी एवढं करतेस म्हणून मी कुणाला सांगितलं पण नव्हतं.”

मी म्हटलं, अलार्म वाजलाच नाही रे.

“जाऊ दे,” म्हणाला. भात वाढून घेतला.

वाजला होता. मुठीत होता माझ्या.