धर्मापुरीचे सहा कोस

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायला हात धजावतोय. कचेरीतून कागद आला की तो तुम्ही माझ्यापुढं धरायचात आणि मी वाचत असताना कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहायचात. खोटं वाचणाऱ्याच्या तोंडावर ते दिसतं, असं तुमचं म्हणणं. नाही दिसत, आबा. एकदा मी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोललो आणि तुम्हाला ते दिसलं नाही. ते काय होतं ते आज सांगतो. कालच आत्याकडून आलोय आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

आजी गेली तेव्हाचं तुम्हाला आठवत असेलच. धर्मापुरीला सांगावा घेऊन धाडलेला माणूस वाटेत कुठंतरी रेंगाळला आणि आत्या आली ती तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर. ती आत आलीच नाही. दारातच म्हणाली, "दादा, माज्या मायचं तोंड बी दावलं न्हाईस. आता तुजं मूळ आल्याबिगर ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई." माहेरच्या माणसानं येऊन मानानं बोलावणं करावं, एवढंच ती मागत होती. तुम्ही म्हणालात, "आपल्या घरी यायला मूळ कावून लागतंय?" दोघंही एकाच मुशीतले. त्या एका वाक्यावर तुम्ही नऊ वर्षं काढलीत.

मग अक्काचं लग्न ठरलं. आई चुलीपुढं बसून परातीत तांदळाला हळदकुंकू लावत होती. तुम्ही कधी स्वैपाकघरात पाऊल टाकायचा नाही, पण त्या दिवशी आलात, परातीतून स्वतःच्या हातानं मूठभर अक्षता घेतल्यात आणि धोतराच्या फाटक्या चिंधीत बांधून माझ्या हातात दिल्यात. "पैली अक्षत तिची. वाटंत कुटं थांबू नगं. आदी धर्मापुरी, मंग बाकीची. तिच्या वटीत टाक, पाया पड अन् म्हन, आबानं मूळ धाडलंय. हळदीच्या आदी गाडी येईल म्हनावं. अन् म्हन, आबाचं चुकलं." शेवटचं वाक्य तुम्ही परातीकडं बघून बोललात. तुमच्या तोंडून ते शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाही.

नेमका त्याच आठवड्यात माझा शाळेतला दोस्त हैदराबादेहून फटफटी घेऊन आला होता. तिकडं तो मोटारी दुरुस्त करायला शिकत होता आणि कुणा जहागीरदाराची ही मोडकी फटफटी त्यानं जुळवून चालती केली होती. आपलं अख्खं शिरूर बघायला लोटलं. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि विचारलंत, "ह्याला वैरन काय घालतेत?" बैलगाडीनं जाऊन यायला आठ-दहा दिवस मोडले असते, लग्न तर तोंडावर आलेलं. म्हणून तुम्ही हो म्हणालात. तुमची घाई आत्यासाठी होती. माझी फटफटीसाठी होती.

फाल्गुनातले दिवस. मागच्या लोखंडी बैठकीवर घोंगडीची घडी टाकून मी बसलो, दोन्हीकडं पेट्रोलचे डबे बांधलेले. बीड मागं पडलं, मांजरसुंब्याचा घाट आला आणि बालाघाटाच्या अंगावर जिकडंतिकडं पळस पेटलेला. मी त्या डोंगरांत जन्म काढलाय, आबा, पण गाडीत बसून बैलांच्या पाठी बघत गेलेला माणूस डोंगर बघतच नाही. वळण आलं की मी दोस्ताला घट्ट धरायचो आणि वळण संपलं की आम्ही दोघं उगाच ओरडायचो. नेकनूरच्या अलीकडं एका गावात फटफट ऐकून कुणी अंमलदार आला असं वाटलं आणि पाटील पटका बांधत बांधतच पळत आला. दोस्तानं गंभीर तोंड करून विचारलं, "चावडी झाडलीया का?" पाटील म्हणाला, "झाडतो जी सरकार." पुढं कोसभर आम्हाला हसू आवरेना. तुम्ही थांबू नको म्हणाला होता. आम्ही नेकनूरला थांबलो, केजला थांबलो, दोन्हीकडं पावण्यांना अक्षता दिल्या, पुरणपोळी खाल्ली. एका ओढ्यात दुपारभर डुंबलो. पहिली अक्षत तिसरी-चौथी झाली, तरी माझ्या मनाला काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोमिनाबादेत होतो. तिथून धर्मापुरी सहा कोस, गाडीवाट. दोस्तानं डबे हलवून बघितले. एकच भरलेला होता. धर्मापुरीला जाऊन आलो तर परतताना नेहमीच्या जवळच्या वाटेनं सरळ बीड गाठावं लागलं असतं. नाही गेलो तर धारूरवरून फिरून, घाट उतरून जाता आलं असतं. आणि धारूरच्या घाटात फटफटी माझ्या हातात द्यायचं त्यानं कबूल केलं होतं.

"चल बे," तो म्हणाला. "सहा कोस तर हाय. म्हाताऱ्यानं लई आशेनं धाडलंय तुला."

हे त्यानं म्हटलं होतं, आबा. गावात सगळे त्याला उडाणटप्पू म्हणायचे, तुम्हीही म्हणायचात. पण तो जायला तयार होता. मीच म्हणालो, "आत्या काय येती व्हय? नऊ वरसं आली न्हाई. वाट वाकडी करून काय उपेग?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तुजी आत्या, तू बघ."

धारूरच्या किल्ल्यावर अजून उजेड होता तेव्हा आम्ही घाटाच्या तोंडाशी पोचलो. फटफटी माझ्या हातात आली. दोनदा बंद पडली, एकदा कड्याच्या अगदी कडेशी गेली आणि मग मला जमलं. वारा तोंडात शिरत होता, खाली माजलगावाकडचा सगळा मुलूख पसरलेला आणि मागं दोस्त माझ्या खांद्यावर थापा मारत होता. तेवढा सुखी मी पुन्हा कधीच झालो नाही. घाट उतरल्यावर खिशाला हात लागला, तेव्हा तुमची पुरचुंडी तिथंच होती. वाटेतल्या म्हसोबापुढं ती ठेवली. देवाला अक्षत द्यायचीच असते, अशी स्वतःची समजूत घातली.

चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा तुम्ही मोटेवर होता. मला बघून बैल थांबवलेत. भरलेली मोट तशीच अधांतरी राहिली.

"काय म्हनली?"

"येत न्हाई म्हनली."

मला वाटलं, झालं. मग तुम्ही बैलांच्या मानेवरचं जू काढायला लागलात. "मंग मीच जातो. आत्ता गाडी जुंपतो. मला बघितल्यावर न्हाई म्हनायची न्हाई ती."

तुम्ही गेला असता तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी बोललो. आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आपसूक आलं. "जाऊ नगा, आबा. ती म्हनली, माजा भाऊ मायसंगंच मेला. त्यो दारात आला तर मयत गेल्यावानी दार सारवून काढीन म्हनली."

तुमचा हात जुवावरच राहिला. माझ्या तोंडाकडं तुम्ही किती वेळ बघत होता ते मला सांगता येणार नाही. मग "बरं" म्हणालात आणि बैल हाकलेत. मोट वर आली, पाणी पाटात पडलं.

अक्काचं लग्न लागलं. कासरा विसरल्याचं निमित्त करून तुम्ही दोनदा वेशीपर्यंत जाऊन आलात, ते मी बघितलं. त्यानंतर सात वर्षं तुम्ही आत्याचं नाव घेतलं नाही. पण दर भाऊबिजेला तुम्ही पहाटेच रानात निघून जायचा आणि दिवे लागेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आईला ते ठाऊक होतं, मलाही होतं. शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "धर्मापुरीच्या वाटंनं कोन आलं का रं?" तेव्हाही मी सांगू शकलो असतो. तुम्ही शुद्धीवर होता.

मयताला मूळ लागत नाही. तुमचं कळलं तशी आत्या आली. अंगणात तुमच्या पायावर डोकं ठेवून रडताना बोलत होती, "दादा, पोरीच्या लगनाला येक मानूस धाडला असतास रं. येक पोरगं धाडलं असतास. मी अनवानी आले असते." मी मडकं धरून उभा होतो. तिनं त्या दिवशीही उंबरा ओलांडला नाही.

तेव्हापासून दर भाऊबिजेला तुमच्या जागी मी जातो. ती मला ओवाळते, डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "बापापरीस लेक बरा. त्याचं काळीज दगडाचं, तुजं लोन्याचं." मी खाली मान घालून बसतो आणि ताटातलं खातो. दोस्त केव्हाच मुंबईकडं गेला, त्याचा ठावठिकाणा नाही. हे जाणणारा दुसरा कुणी उरला नाही.

काल भाऊबीज. आत्याला आता दिसत नाही. निरांजनाचं ताट सुनेनं धरलं होतं. ओवाळून झाल्यावर तिनं माझा हात चाचपडून धरला आणि विचारलं, "खरं सांग लेकरा. दादा कदी माजं नाव काडायचा का?"

हो म्हणालो असतो तर तिनं पुढचं विचारलं असतं. मग लगनाला मूळ कावून धाडलं न्हाई? मी म्हणालो, "न्हाई, आत्या."

तिनं हात सोडला नाही. नुसती मान हलवली, जणू तिला तेच ऐकायचं होतं.

ती फार दिवस काढील असं वाटत नाही. धर्मापुरी काही परमुलखात नाही, मी उद्याही परत जाऊ शकतो. जाईन आणि सांगेन, असं इथं लिहावंसं फार वाटतंय, आबा. पण तुम्हाला एकदा खोटं सांगून झालंय.